विहिरीवरचा राखणदार

माझ्या आईचा चेहरा माझ्या सासऱ्यांनी विहिरीत टाकला, तेव्हा मी बाळंतपणासाठी डोंबिवलीला भावाकडे होते. आई जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. तिच्या शेवटच्या आजारात ती समोर बसून राहायची आणि मी मातीत तिचं डोकं करायचे. तिला बसवत नसे, पण ती बसायची. "नाक माझ्या वडलांचं आहे, नीट कर," एवढंच सांगायची. ते डोकं मी भट्टीत भाजून घेतलं होतं. लग्नात माझ्याबरोबर दोन बॅगा आल्या आणि ते डोकं आलं.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. घराला एक अरुंद गॅलरी होती. मी भांडुपच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून डोकी करायचे. शाळेतला शिपाई, खालचा दूधवाला, वर्गातली एक दात पडलेली मुलगी. काही शाडूची, काही प्लॅस्टरची. सासऱ्यांना ती आवडत नव्हती हे मला ठाऊक होतं. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि घरही कचेरीसारखंच चालवायचे. चहाची वेळ ठरलेली, बोलण्याची पद्धत ठरलेली. सासूबाई मालवणच्या बाजूच्या. त्यांच्या तोंडात मालवणी आली की सासरे म्हणायचे, "घरात शुद्ध बोलायचं." सासूबाई गप्प व्हायच्या. लग्न होऊन आले तेव्हा त्या मुळातच कमी बोलतात असं मला वाटलं होतं.

मुलीला घेऊन घरी परत आले तर गॅलरी धुऊन पुसून मोकळी. दोरीवर येणाऱ्या बाळासाठी शिवलेले लंगोट धुऊन वाळत घातलेले.

"माझी डोकी कुठे आहेत?" मी विचारलं.

सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. "लहान मूल येणार घरात. तिथे मुंडकी कशाला? विहिरीत विसर्जन केलं."

"विसर्जन?"

"मातीचं काय करतात मग? गणपतीसुद्धा दीड दिवसाने नेतोच की आपण. फेकली नाहीत मी. पोत्यात घालून, हात जोडून सोडली."

"त्यात माझी आई होती, बाबा."

आता पेपर खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समजूत घालावी तसं म्हणाले, "तुझी आई देवाघरी आहे. ती माती होती."

नवरा संध्याकाळी घरी आला. तो ठाण्याला एका कारखान्यात होता. चांगला माणूस, पण वडिलांसमोर त्याच्या पाठीचा कणा मेणाचा व्हायचा. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "बाबा असेच आहेत. तू नवीन कर." आईचं डोकं नवीन कर म्हणाला. मी त्याच्याशी पुष्कळ दिवस बोलले नाही, पण माझा राग त्याच्यावर नव्हताच. तो जपून ठेवून मी वेगळ्या माणसासाठी राखला होता.

ती विहीर आमच्या रस्त्याच्या टोकाला, मिठागरं सुरू होतात तिथे होती. पाणी मचूळ, कुणी वापरत नसे. पुढे तिच्यात एक वासरू पडून मेलं, तेव्हा पालिकेने डबर ओतून ती बुजवून टाकली. वर गुडघाभर कठडा तेवढा राहिला. मग लोक तिथे कचरा टाकू लागले. शाळेला जाताना मला त्याच रस्त्याने जावं लागायचं. लोक नाक दाबून पुढे जायचे. मी नाक दाबत नसे. त्या सगळ्या घाणीखाली माझी आई आहे, एवढंच मला दिसायचं. आणि रोज सकाळी फिरायला निघालेले सासरे हातातली काठी फिरवत त्याच कठड्याजवळून जायचे, तेही दिसायचं.

मुलगी चालू-बोलू लागली त्या वर्षी आर्ट स्कूलमधल्या माझ्या जुन्या मैत्रिणीचा निरोप आला. मे महिन्यात मुलुंड पश्चिमेला डोंगराखालच्या एका बंद खाणीत शिल्पकारांचं शिबिर भरणार होतं. परदेशातून माणसं येणार होती आणि काही जण इथले हवे होते. मी गेले. खाण म्हणजे उभा कापलेला काळा कातळ आणि मध्ये भट्टीसारखं तापलेलं मैदान. पत्र्याची एक शेड, पाण्याचे माठ, आणि डोक्याला पंचे गुंडाळलेले गोरे, पिवळे, सावळे लोक. कुणी जपानहून, कुणी युगोस्लाव्हियातून, कुणी बडोद्याहून. आयोजक एक आर्किटेक्ट होता. खादीचा झब्बा घालायचा आणि बोलताना हात फार हलवायचा. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना सांगितलं, "बागा नकोत, चौक नकोत, संग्रहालयं तर नकोतच. या उपनगरांत जिथून लोक नाक दाबून जातात, ज्या जागा सगळे विसरलेत, त्या जागांसाठी काम करायचं. आणि शिल्पावर कुणाचंही नाव कोरायचं नाही."

मग जागा बघायला आम्हाला एका टेम्पोतून हिंडवलं. घाटकोपरला एका आगाराच्या मागची पडीक पट्टी, भांडुपला नाल्याकाठचा एक मोडका धक्का, अंधेरीला दोन कारखान्यांमधली आंधळी गल्ली. ज्याला जी रुचेल ती त्याने घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी टेम्पो मुलुंड पूर्वेला घ्यायला लावला आणि सगळ्यांना विहिरीपाशी नेलं.

"ही जागा?" आयोजकाने तोंडावर रुमाल धरला. "झकास!"

माझ्या डोक्यात शिल्प आधीच तयार होतं. कितीतरी दिवस जेवण वाढताना मी सासऱ्यांचे कान पाहत होते. मोठे, पाळ्या लोंबणारे, वरच्या कडेला केस. कपाळावर आडव्या वळ्या. डावी भुवई नेहमी अर्धी वर, समोरचा अर्ज नाकारणार असल्यासारखी. हा माणूस गळ्यापर्यंत विहिरीत बुडालेला मला हवा होता. कठड्याच्या मध्ये फक्त डोकं. आणि तोंड उघडं, मोठं, आतून पोकळ. लोक कचरा टाकतातच आहेत, तर त्याच्या तोंडात टाकू देत. रोज सकाळ-संध्याकाळ, केळीच्या साली, माशांची खवलं, सगळं.

शाळेला सुट्टी होती. घरी सांगितलं, शिबिर आहे. सासरे त्याच आठवड्यात छपराचं काम करून घ्यायला गावी निघाले होते. "शिबिरात काय करता तुम्ही?" जाताना त्यांनी विचारलं. "दगड फोडतो," मी म्हटलं. "बरं," ते म्हणाले. माझ्या कामाबद्दल त्यांनी मला विचारलेला तो एकमेव प्रश्न.

कातळ फार कठीण होता. पहिल्या दिवसांत हातांना फोड आले, ते फुटले, तळवे निबर झाले. माझ्या शेजारच्या दगडावर हंगेरीहून आलेली एक बाई काम करायची. माझ्यापेक्षा वयाने मोठी, सुतारासारखे दंड. पैज लावून हिरव्या मिरच्या खायची आणि डोळ्यांतून पाणी काढत हसायची. आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. माझ्या दगडातून नाक बाहेर आलं त्या दिवशी ती येऊन उभी राहिली.

"हा कोण?"

"नवऱ्याचा बाप."

"मेला?"

"नाही. गावाला गेलाय."

ती दगडाभोवती एक फेरी मारून आली. "तू रागात आहेस," ती म्हणाली. "चांगलं आहे. पण राग आल्यावर तू घाईघाईत छिन्नी मारतेस. ओठ तुटेल. हळू मार. तो कुठे पळून जात नाही."

मग माठातलं पाणी पिता पिता तिने तिची गोष्ट सांगितली. ती शिकत असताना तिच्या देशात एका हुकूमशहाचे पुतळे गावोगावी उभे राहायचे. विद्यार्थ्यांना त्यावर कामाला लावायचे. चेहरा मोठे शिल्पकार करायचे, हिच्याकडे बूट यायचे. "मी त्याचे बूट केले. पुष्कळ बूट," ती म्हणाली. "तुला तोंड मिळालं. तू नशीबवान."

तिचं म्हणणं ऐकून मी हळू मारू लागले. त्या महिन्याइतकी सुखी मी लग्नानंतर कधीच झाले नव्हते. छिन्नीच्या प्रत्येक घावाला मी मनात त्यांचं एकेक वाक्य म्हणायचे. फेकली नाहीत मी. ठण्. हात जोडून सोडली. ठण्. ती माती होती. ठण्. लोक म्हणतात, कोरता कोरता माणूस समजत जातो आणि राग निवतो. माझा निवला नाही. कानाच्या पाळीपाशी आले तेव्हा तर तो पहिल्या दिवसापेक्षा जास्त होता.

विहिरीभोवतीचा कचरा उपसून क्रेनने दगड आत बसवला, त्या सकाळी सासूबाई नातीला कडेवर घेऊन बघायला आल्या. मी घाबरले. त्यांना ओळखू येणार नाही अशी माझी समजूत होती, कारण तोंड मी बरंच वेडंवाकडं उघडलं होतं. क्रेनवाला निघून गेला, शिबिरातली मंडळी फोटो काढून गेली. सासूबाई कठड्याजवळ आल्या, पदर तोंडावर धरला, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मालवणीत बोलल्या.

"कान बरे जमले हत गो तुका. डावो मातर जरासो मोठो झालो."

"आई, तुम्हाला..."

"इतकी वर्सां हेच तोंड बघतंय. वळाखचंय नाय काय?"

पदराआड त्या हसत होत्या. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते.

लोकांनी सुरुवातीला माझ्या मनासारखंच केलं. तोंडात कचरा टाकला, पोरांनी दगड मारले, कुणीतरी कपाळावर पानाची पिंक टाकली. शाळेत जाता-येता मी ती पिंक बघायचे आणि दिवस चांगला जायचा. मग एका शनिवारी पाहते तर तोंड धुतलेलं, कपाळावर शेंदूर आणि कठड्यावर फुटलेला नारळ. मला वाटलं, कुणी भाविकाने खोडा घातला. घरी येऊन तणतणले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"मीच लावलंय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? का?"

सुपातून त्यांनी मान वर केली नाही. "कचऱ्याची कुंडी कधीतरी कोणी उचलून नेतलो. देवाक कोण हलवतलो? ऱ्हवतलो थंयच. उन्हात, पावसात." मग म्हणाल्या, "माझी आवस आजारी पडली, तार इली. हेंनी माका धाडल्यानी नाय. पोराची परीक्षा हा म्हणाले. ती गेली. मी तोंडसुद्धा बघूक नाय तिचा."

त्यांची आवस, त्यांची आई, अशी गेली हे मी त्या घरात इतकी वर्षं राहून ऐकलं नव्हतं. त्यांच्या मुलानेही मला कधी सांगितलं नव्हतं. बहुधा त्यालाही माहीत नसावं.

पुढचं काम त्यांनी एकटीने केलं. कोकणातली माणसं आमच्या रस्त्यावर पुष्कळ होती. विहिरीला राखणदार असतो, तिच्यात वासरू मेलं म्हणून तो कोपला होता, आता वर आलाय, एवढं त्यांनी खालच्या नळावर दोन बायकांच्या कानात घातलं. बाकी बायकांनी पाहून घेतलं. शेंदराचे थर चढले. शिबिरातल्या माणसांनी ठेवलाय हे माहीत असलेले लोकही नमस्कार करून जाऊ लागले. दगड कुणी आणला याच्याशी देवाचा काय संबंध? शेजारची एक बाई एकदा म्हणाली, "हा तुमच्या ह्यांच्यासारखा नाही का दिसत?" सासूबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "देवाला असं बोलू नये."

छपराच्या कामानंतर पेरणी आली, मग पावसात दोन खोल्या गळल्या, असं होत सासरे श्रावण संपता संपता परतले. विहीर बघून चकित झाले. सासूबाई शुद्ध भाषेत म्हणाल्या, "जागृत ठिकाण आहे. तुमचे गुडघे दुखतात ना? अनवाणी जात जा. उतार पडतो म्हणतात."

"आणि हिचं ते शिबिराचं?"

"ते तिकडे डोंगराजवळ कुठेतरी ठेवलंय."

आणि माझे सासरे जाऊ लागले. रोज सकाळी अंघोळ करून, चपला घरी ठेवून, हातात जास्वंद घेऊन. विहिरीला प्रदक्षिणा घालायचे, कठड्यावर डोकं टेकवायचे, स्वतःच्या उघड्या तोंडात खडीसाखर ठेवायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी राहून तोंडात पदराचा बोळा कोंबला. इतकं हसू आलं. घरी आल्यावर सासूबाई नुसत्या बघायच्या, मी नुसती मान हलवायची.

पण हे सुख मला पुरेना. ज्याला मारलं त्याला लागलंच नाही, तर ते मारणं कसलं? ते दिवसेंदिवस जास्तच समाधानी दिसू लागले. गुडघेही खरंच बरे झाले.

मुलीच्या वाढदिवसाला दादरचे, कुर्ल्याचे नातेवाईक आले होते. सासरे त्यांना विहिरीची गोष्ट सांगत होते. सांगता सांगता म्हणाले, "खरं म्हणजे ते माझ्याच हातून घडलं. हिची ती मुंडकी मी तिथे विधिवत विसर्जन केली होती. त्यानंतरच ती जागा जागी झाली. हिच्या आईलाही चांगलं ठिकाण मिळालं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एकदा जाऊन नीट बघ. त्याला म्हणतात मूर्ती. तुमच्या त्या आर्टमध्ये असा जिवंतपणा नाही येत."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मी हातातली केकची बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले, तशी मी मागोमाग गेले. त्यांना आनंद झाला. "चल, चल," म्हणाले. त्यांनी फूल वाहिलं, डोकं टेकवलं. ते उठेपर्यंत मी थांबले.

"बाबा, हा राखणदार मी केलाय."

"काय?"

"शिबिरात. हा दगड मी कोरलाय. याचं कपाळ बघा. ही डावी भुवई बघा. हे तुम्ही आहात."

"काहीतरी बरळू नकोस."

"तुम्ही माझ्या आईला या विहिरीत टाकलंत. म्हणून मी तुम्हाला गळ्यापर्यंत यात घातलं. तोंड उघडं ठेवलंय, ते लोकांनी कचरा टाकावा म्हणून."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला आणि कानाच्या पाळीला लागला. मी त्या क्षणाची वाट किती दिवस बघत होते. तो मला मिळाला, आणि मी तो डोळे भरून पाहिला.

मला वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. कोरड्या आवाजात एवढंच विचारलं, "हिला माहीत आहे?"

हिला म्हणजे सासूबाईंना.

"सगळ्यांच्या आधी त्यांना कळलं," मी म्हटलं. "तुम्हाला शेंदूर त्यांनीच लावलाय."

माझे सगळे घाव एका बाजूला आणि हा एक घाव दुसऱ्या बाजूला. त्यांचा चेहरा आत ओढल्यासारखा झाला. हातातली राहिलेली फुलं तिथेच पडली. ते वळले आणि घराकडे चालू लागले. पायांत काही नव्हतं, खडी टोचत होती, तरी थांबले नाहीत. मी मागून चालत होते. त्यांना आधार द्यावा असं माझ्या मनात आलं नाही. आजही त्याचं वाईट वाटत नाही.

घरी सासूबाईंनी नेहमीसारखा चहा पुढे ठेवला. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि पहिल्यांदाच नजर खाली नेली नाही. म्हणाल्या, "च्या घेवा. निवतली."

घरात मालवणी बोलल्या म्हणून त्या दिवशी कुणी त्यांना टोकलं नाही, आणि त्यानंतरही कधी नाही.

सासरे नंतर कितीतरी वर्षं जगले. फिरायला जायचे ते स्टेशनच्या बाजूला. त्यांनी माझी माफी मागितली नाही, मीही त्यांची मागितली नाही. नवऱ्याला काय घडलं ते मी सांगितलं. तो आधी चिडला, मग एकटाच विहिरीपाशी जाऊन आला, आणि जेवायला बसल्यावर म्हणाला, "भुवई अगदी तशीच आहे यार." तेवढ्यावर त्याने विषय सोडला. गुडघे मात्र सासऱ्यांचे पुन्हा दुखू लागले. सासूबाई त्यांना तेल चोळून द्यायच्या आणि चोळता चोळता मालवणीत त्यांच्याशी बोलत राहायच्या. माहेरच्या गोष्टी, आवशीच्या गोष्टी, इतक्या वर्षांच्या साठलेल्या. सासऱ्यांना त्या ऐकाव्याच लागत. पाय सासूबाईंच्या हातात असायचे.